उपाहारगृहांतील रोजगार : प्रादेशिक अर्थव्यवस्थेचा एक मापक

एखाद्या प्रदेशाची आर्थिक प्रकृती जाणून घ्यावयाची असेल, तर अर्थशास्त्रज्ञ सामान्यतः पोलादाचे उत्पादन, विजेचा खप, बँकांतील ठेवी, रेल्वेची मालवाहतूक अशा आकड्यांकडे वळतात. हे आकडे मोठे असतात व त्यांच्यामागे मोठ्या संस्था उभ्या असतात. परंतु त्याच प्रदेशात आणखी एक आकडा असतो आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तेथील खाणावळी, उपाहारगृहे, चहाची दुकाने, ढाबे आणि मद्यगृहे यांत मिळून किती माणसे कामाला आहेत, हा तो आकडा होय. आचारी, वाढपी, भांडी घासणारे, तंदूर सांभाळणारे, गल्ल्यावर बसणारे अशा या माणसांची संख्या वाढते तेव्हा त्या प्रदेशाविषयी काय अनुमान काढता येईल? ती घटते तेव्हा काय समजावे? आणि कोणत्या वेळी या आकड्यावर मुळीच विश्वास ठेवू नये? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. उदाहरणासाठी छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील तेलीबांधा हा भाग घेतला आहे.

तेलीबांधा : रस्ता, तळे आणि राजधानी

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला महामार्ग सुमारे तीनशे किलोमीटरनंतर रायपूर शहरात शिरतो. शहरातून जाणाऱ्या या रस्त्याला ‘जी. ई. रोड’, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, असे जुने नाव आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ तो हाच. नव्या क्रमवारीत तो ५३ झाला. या रस्त्याच्या कडेला, शहराच्या पूर्वभागात, तेलीबांधा तलाव आहे. नावातच ‘तेली’ आणि ‘बांध’ हे दोन शब्द आहेत. छत्तीसगडच्या सपाट, धानपिकाच्या मुलखात अशा तळ्यांभोवतीच वस्ती वाढत गेली. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत रायपूर भोसल्यांच्या अमलाखालील मुलखात होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून रायपूरहून धमतरी व राजीमकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे तेलीबांध्यावरून जात असे. शहरातील हा लोहमार्ग पुढे काढून टाकण्यात आला व त्या जागेवर द्रुतगती रस्ता झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि जिल्ह्याचे ठाणे असलेले रायपूर राजधानी झाले. शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे सहा लाख होती. २०११ मध्ये ती दहा लाखांवर गेली. तेलीबांध्याहून विमानतळाकडे जाणाऱ्या व्ही.आय.पी. रोडवर हॉटेले व विवाहसमारंभाची मोठी आवारे उभी राहिली. तलावाच्या काठाचे सुशोभीकरण होऊन त्याला मुंबईच्या धर्तीवर ‘मरीन ड्राइव्ह’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. संध्याकाळी फिरावयास येणाऱ्यांसाठी काठावर खाद्यपदार्थांची दुकाने लागली.

सारांश, महामार्ग, सरकारी कचेऱ्या, विमानतळ, लग्नसराई आणि फिरावयास येणारी कुटुंबे हे गिऱ्हाइकांचे पाच निरनिराळे प्रवाह या एका भागात एकत्र येतात. म्हणूनच अभ्यासाच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे.

हा मापक कशावर आधारलेला आहे?

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून एक नियम मांडला. उत्पन्न जसजसे वाढते तसतसा त्यातील अन्नावर खर्च होणारा वाटा घटत जातो, असा तो नियम आहे. भारताच्या आकड्यांतही त्याची प्रचीती येते. नागरी कुटुंबांच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ४८ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो ३९ टक्क्यांच्या आसपास आला. पण अन्नाच्या पोटातच दुसरा बदल घडत होता. २०२२-२३ च्या त्याच पाहणीत पेये, अल्पोपाहार व तयार खाद्यपदार्थ यांवरील खर्च नागरी कुटुंबांत १०.६४ टक्के, तर ग्रामीण कुटुंबांत ९.६२ टक्के आढळला. अन्नाच्या सर्व पोटविभागांत हाच सर्वांत मोठा ठरला. अर्थात शिजवण्याचे काम थोड्याफार प्रमाणात घरातील चुलीवरून बाहेरच्या भट्टीकडे सरकत आहे. घरच्या चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रीची गणना रोजगारात होत नाही. भट्टीपाशी उभा असलेला आचारी मात्र मोजला जातो.

यातून मापकाचे पहिले तत्त्व मिळते. बाहेर खाणे हा बहुतेक कुटुंबांसाठी लांबणीवर टाकता येण्याजोगा खर्च आहे. घरभाडे, शाळेची फी, औषधे यांत काटछाट करणे कठीण. रविवारचे बाहेरचे जेवण रद्द करणे सोपे. म्हणून हातात पैसा येताच हा खर्च झपाट्याने वाढतो आणि हात आखडताच तो प्रथम थांबतो.

दुसरे तत्त्व श्रमाशी संबंधित आहे. उपाहारगृहाचा माल साठवून ठेवता येत नाही. गिरणीत मागणी घटली तर कापडाच्या गाठी गोदामात पडून राहतात व कामगार काही काळ कामावर राहू शकतो. वाढप्याचे श्रम मात्र गोदामात ठेवता येत नाहीत. गिऱ्हाईक आले नाही की त्या दिवशी त्याला काम नाही. त्यामुळे मागणीतील बदल आणि रोजगारातील बदल यांत फार थोडे अंतर राहते.

तिसरे तत्त्व प्रादेशिक अर्थशास्त्रातील आहे. एखाद्या प्रदेशातील व्यवसायांचे दोन वर्ग पाडण्याची पद्धत आहे. बाहेरच्या जगाला माल किंवा सेवा विकून प्रदेशात पैसा आणणारे ते मूलाधार व्यवसाय, आणि तो पैसा प्रदेशातच फिरवणारे ते पूरक व्यवसाय. रायपूरच्या परिसरात उरला व सिलतरा येथील लोखंडाचे कारखाने, भिलाईचा पोलाद कारखाना, धान आणि राज्यशासनाचा खर्च हे मूलाधार होत. तेलीबांध्याची उपाहारगृहे बहुतांशी पूरक वर्गात मोडतात. ती स्वतः संपत्तीचा उगम नसतात; वरून येणारे पाणी किती, हे दाखवणारी ती पाणपट्टी आहे. अपवाद एवढाच की महामार्गावरील प्रवासी किंवा परगावचे वऱ्हाड जेथे जेवते, तेथे बाहेरचा पैसा थेट आत येतो व तेवढ्यापुरता हा व्यवसायही मूलाधार ठरतो.

दोन जुनी उदाहरणे

हे केवळ पुस्तकी विवेचन नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या हजारो कामगारांच्या जेवणाची सोय खाणावळींवर होती. त्यांपैकी कितीतरी खाणावळी स्त्रिया आपल्या खोलीतच चालवीत. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. कामगार गावाकडे परतू लागताच खाणावळींतील पंगत ओसरली. मागे राहिलेल्यांची उधारी वाढली. गिरण्यांचा मूलाधार कोसळल्याचा परिणाम सरकारी अहवालात उमटण्यापूर्वीच तो खाणावळवाल्या बाईच्या वहीत उमटलेला होता.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तेथे सप्टेंबर व ऑक्टोबर २०१२ मध्ये खनिज उत्खनन थांबले आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ते पुन्हा बंद पडले. किनाऱ्यावरील उपाहारगृहे व बार पर्यटकांवर चालत होते. त्यांचा खाणींशी थेट संबंध नव्हता. मात्र डिचोली, सांगे या अंतर्भागातील तालुक्यांत खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरील खानावळी, चहाची दुकाने व गॅरेजे यांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. संपूर्ण गोव्याचा एकच आकडा पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसली नसती. या उदाहरणाचा बोध स्पष्ट आहे: हा मापक लहान क्षेत्रात अचूक असतो, क्षेत्र मोठे केले की भिन्न प्रवाह एकमेकांत मिसळून खूण पुसली जाते.

मोजणी कशी होते?

भारताच्या २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ५६ हा विभाग अन्न व पेय सेवेचा आहे. त्यात ५६१० हा वर्ग उपाहारगृहे व फिरती खाद्यसेवा यांचा, ५६२१ समारंभांतील भोजनव्यवस्थेचा, तर ५६३० पेये पुरवणाऱ्या जागांचा आहे. निवासी हॉटेले मात्र ५५ या स्वतंत्र विभागात जातात. परिणामी व्ही.आय.पी. रोडवरील एखाद्या निवासी हॉटेलातील बारमध्ये काम करणारा माणूस ५५ मध्ये मोजला जाण्याचा संभव असतो, तर तेच काम करणारा शेजारच्या बारमधील माणूस ५६ मध्ये जातो.

आर्थिक गणना प्रथम १९७७ मध्ये झाली. सहावी गणना २०१३-१४ मध्ये झाली. दोन गणनांमधील अंतर अनेक वर्षांचे असल्याने चढउतार टिपण्यास ती उपयोगी पडत नाही. २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होऊ लागले. त्याच्या प्रमुख तक्त्यांत व्यापार, हॉटेले व उपाहारगृहे यांचा बहुधा एकच गट असतो. किराणा दुकानदार आणि तंदूरवाला एकाच रकान्यात आल्यावर आपला मापक त्यातून वेगळा काढणे सोपे राहत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे आकडे दरमहा मिळतात; पण तो कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. कर्मचारी राज्य विम्याची मर्यादा दहाची आहे. तलावाच्या काठावर तिघांनी चालवलेले दुकान या दोन्ही जाळ्यांतून निसटते. अमेरिकेत तेथील श्रम सांख्यिकी विभाग खाद्यगृहे व पानगृहे यांतील रोजगार दरमहा प्रसिद्ध करतो. एप्रिल २०२० मध्ये या एका क्षेत्रातील सुमारे ५५ लाख नोकऱ्या एका महिन्यात गेल्या, हे तेथे लगेच कळू शकले. भारतात तोच आघात लोकांनी रस्त्यावरून पायी जाणाऱ्या माणसांच्या रूपाने प्रथम पाहिला.

एक हिशेब

उपलब्ध आकड्यांचा उपयोग कसा करावयाचा, हे काल्पनिक संख्यांच्या साहाय्याने पाहू. समजा, एखाद्या जिल्ह्यात एकूण ४,००,००० कामकरी माणसे आहेत आणि त्यांतील १२,००० खाद्यपेय व्यवसायात आहेत. हे प्रमाण ३ टक्के झाले. संपूर्ण राज्यात हेच प्रमाण २ टक्के असेल, तर तीनाला दोनाने भागून १.५ हा स्थानिक गुणक मिळतो. गुणक १ पेक्षा अधिक असणे म्हणजे जिल्ह्याचे लोक अधिक बाहेर जेवतात किंवा बाहेरचे लोक येथे येऊन जेवतात, यांपैकी काहीतरी खरे आहे. कोणते खरे, हे गुणक सांगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करावी लागते.

पुढील वर्षी १२,००० ची संख्या १२,६०० झाली, म्हणजे ५ टक्के वाढ झाली. राज्यभर या व्यवसायात ४ टक्के वाढ झाली असेल, तर ६०० पैकी ४८० नोकऱ्या राज्याच्या सर्वसाधारण लाटेने आल्या, असे मानावे. उरलेल्या १२० नोकऱ्या तेवढ्या त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या. प्रादेशिक मापक म्हणून महत्त्व या १२० ला आहे, ६०० ला नव्हे.

फसवे संकेत

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्वरमापकातील पारा तापानेही चढतो व उन्हात ठेवल्यानेही चढतो. या मापकाचेही तसेच आहे.

पहिले कारण कायदा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस मनाई केली व १ एप्रिल २०१७ पासून तिचा अंमल सुरू झाला. ही मनाई बार व उपाहारगृहांनाही लागू असल्याचे ३१ मार्चला स्पष्ट करण्यात आले, आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका क्षेत्रांना सूट मिळाली. या मधल्या महिन्यांत महामार्गांवर अनेक बार बंद राहिले. त्या काळातील घट पाहून कोणी प्रदेशात मंदी आली असे म्हटले असते, तर ते सपशेल चुकले असते. महाराष्ट्रात ऑगस्ट २००५ मधील डान्स बार बंदीने गेलेल्या नोकऱ्यांचीही हीच गोष्ट आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर केंद्राने ८ जूनपासून उपाहारगृहे उघडण्यास अनुमती दिली. महाराष्ट्रात ती ५ ऑक्टोबरला निम्म्या आसनक्षमतेने उघडली. दोन प्रदेशांतील या चार महिन्यांचा फरक अर्थकारणाचा नसून आदेशांचा होता.

मद्यगृहांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. छत्तीसगडमध्ये एप्रिल २०१७ पासून किरकोळ मद्यविक्री राज्याच्या महामंडळाकडे गेली. दुकानातील विक्रेता किरकोळ व्यापारात मोजला जातो, बारमधील वाढपी पेयसेवेत. शिवाय आदिवासी भागांत मोहाची दारू घरीच गाळण्याची परंपरा आहे. म्हणजे मद्याचा खप आणि मद्यगृहातील रोजगार या दोन पूर्णतः भिन्न गोष्टी आहेत. बारमधील नोकऱ्या वाढल्या म्हणजे लोक अधिक पिऊ लागले असे नाही. ते खुर्चीवर बसून, जेवणासोबत, अधिक पैसे देऊन पिऊ लागले, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

दुसरे कारण ऋतू. लग्नसराईत आचाऱ्यांना मागणी येते. श्रावणात व नवरात्रात मांसाहारी खानावळी मंदावतात. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. तेथे शासनाची धानखरेदी नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत मुख्यतः चालते. २०२३-२४ च्या हंगामापासून शेतकऱ्याच्या हाती क्विंटलमागे एकूण ३,१०० रुपये पडू लागले. खेड्यात आलेला हा पैसा कपडे, मोटारसायकल, लग्न व शहरातील जेवण या वाटांनी बाजारात उतरतो. म्हणून जानेवारीची तुलना जुलैशी न करता मागील जानेवारीशीच करावयास हवी.

तिसरे कारण विपरीत स्वरूपाचे आहे. कधी कधी रोजगार वाढतो तो दारिद्र्यामुळे. कारखान्यातून काढलेला माणूस हातगाडीवर चहा किंवा अंडी विकू लागतो. गणनेत एक खाद्यव्यवसाय वाढला, एक रोजगार निर्माण झाला, अशी नोंद होते. ही समृद्धीची वाढ नसून आश्रयाची वाढ आहे. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे पगारी माणूस. नव्या दुकानांत मालकाव्यतिरिक्त पगारी माणसे किती, हे पाहावे. पगारी माणसे वाढत असतील तर मागणी खरी आहे. नुसती मालकांची संख्या वाढत असेल, तर इतरत्र काम मिळेनासे झाले आहे.

आकड्यामागील माणसे

येथपर्यंत रोजगाराकडे मापक म्हणून पाहिले. परंतु मापकातील पारा निर्जीव असतो. या मापकात माणसे आहेत. ज्या गुणामुळे हा आकडा अभ्यासकाला उपयुक्त वाटतो, म्हणजे मागणी घटताच तो लगेच घटतो, तोच गुण कामगाराच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दोष आहे. मापक संवेदनशील आहे याचा अर्थ नोकरी अशाश्वत आहे.

ही अपरिहार्य गोष्ट नव्हे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन करून ती स्वतः चालविली. त्यांपैकी जबलपूरच्या संस्थेची इंडियन कॉफी हाउस ही उपाहारगृहे मध्य प्रदेशाप्रमाणेच रायपूर, भिलाई या छत्तीसगडमधील शहरांतही आहेत. तेथे वाढपी संस्थेचा सभासद असतो. मंदीच्या महिन्यात त्याला घरी पाठविले जात नाही, म्हणून अशा संस्थेच्या हजेरीपटावरून मागणीचा अंदाज बांधणे कठीण. मापक म्हणून ती निरुपयोगी आणि नोकरी म्हणून उत्तम, असा हा विचार करावयास लावणारा विरोध आहे.

नोंदीबाहेर राहणाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. ढाबे, हॉटेले व उपाहारगृहे यांत १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. ती योग्यच होती. पण जेथे ‘पोऱ्या’ कामावर राहिला, तेथे तो कोणत्याही पटावर दिसत नाही. पहाटे भाजी चिरून देणाऱ्या, कणीक मळणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा रोजंदारीवर असतात व पाहणी करणारा संध्याकाळी येतो. छत्तीसगडचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. यामुळे लहान दुकानांवरील नियमांचे ओझे हलके झाले. परंतु ज्यांची मोजणी सर्वांत अवघड, तीच माणसे नोंदणीपासून आणखी दूर गेली.

निष्कर्ष

तेलीबांध्याच्या काठावर संध्याकाळी दिवे लागतात व टेबले भरतात, तेव्हा पाहणाऱ्याला शहराची भरभराट दिसते. ती खोटी नसते. पण अपुरी असते. अभ्यासकाने त्या दृश्याला काही प्रश्न विचारावेत. हे गिऱ्हाईक येथलेच की महामार्गावरचे? ही गर्दी मागील वर्षीच्या याच महिन्यापेक्षा अधिक आहे काय? मधल्या काळात एखादा कायदा किंवा परवान्याचा नियम बदलला काय? नवीन दुकानांत पगारी माणसे किती आणि मालकच राबणारी दुकाने किती? आणि सिलतऱ्यातील भट्ट्या व खेड्यांतील धानखरेदी यांची स्थिती काय आहे?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर खाद्यपेय व्यवसायातील रोजगार हा मोठ्या आकड्यांच्या आधी बोलणारा साक्षीदार ठरतो. न विचारता त्याची साक्ष मान्य केली, तर तो सहज दिशाभूल करील. ज्या जिल्ह्यात प्रसिद्ध आकडेवारी उशिरा येते, तेथे एखाद्या ग्रंथालयाच्या अभ्यासमंडळालाही हे काम करता येण्यासारखे आहे. आपल्या गावातील एक रस्ता निवडावा, त्यावरील खाणावळी, उपाहारगृहे, चहाची दुकाने व बार यांची यादी करावी आणि दर तीन महिन्यांनी, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी, तेथे काम करणारी माणसे मोजावीत. सकाळची पाळी वगळू नये. मोरीवर भांडी घासणाऱ्यास विसरू नये, कारण गिऱ्हाईक कमी झाल्यावर बहुधा सर्वांत आधी कमी होतो तो तोच.